ओळखीतलं कुणी आहे का?

सासूबाईंच्या माघारी त्यांचा नाशिकच्या इंदिरानगरमधला फ्लॅट रिकामा पडला होता. आम्ही त्याच सोसायटीत पलीकडच्या विंगला राहतो. किल्ली आमच्याकडे, अधूनमधून जाऊन नळ सोडून बघणं आमच्याकडे, मेंटेनन्सही आमच्याच नावावर. शेवटी भाड्याने द्यायचं ठरलं आणि सगळं काम माझ्याकडे आलं, कारण यांची नोकरी फिरतीची. त्या काळात जे पाहिलं, ऐकलं, ते लिहावंसं वाटतंय. घर भाड्याने देताना काय काय करावं लागतं ते ओघात येईलच. पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. रस्त्यात पडलेल्या परक्या माणसाला उचलायला आपण धावतो, मग तोच माणूस शेजारी राहायला येणार म्हटल्यावर आपला चेहरा का बदलतो?

एजंटने पहिल्याच फोनवर विचारलं, "ताई, व्हेज फॅमिलीच हवी ना? बॅचलर नको, बरोबर? बाकी कास्टचं वगैरे काही?" मी एकही अट घातली नव्हती. पण एजंटांना इमारती पाठ असतात. कुठे काय चालतं आणि कुठे कुणाला जिन्यातूनच परत पाठवतात, हे त्यांना आपल्यापेक्षा नीट माहीत असतं. या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता, हेही सांगते. लोकांचे हेलपाटे वाचावेत म्हणून ते आधीच चाळण लावत होते.

सुरुवातीला एक तरुण आला. बंगळुरात जन्मलेला, तिथेच वाढलेला, मराठी अडखळत बोलणारा. पण आडनाव इकडचं, आजोबा सिन्नरचे. आमच्या विंगमधल्या मंडळींनी त्याला पाहिलंही नव्हतं, तरी "आपल्यातलाच आहे, द्या की" असं तीन घरांतून ऐकू आलं. त्याची नोकरी पुण्याला गेली आणि तो विषय तिथेच संपला.

मग मालेगावच्या एक शिक्षिका आल्या. शहरातल्या एका शाळेत गणित शिकवतात, बरोबर आई. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बोलण्यात थोडा खानदेशी हेल. घर पाहताना त्यांनी आधी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाण्याचा जोर बघितला, मग आईंना बाथरूमची पायरी उंच पडेल का ते स्वतः उभं राहून पाहिलं. मला त्या मनापासून आवडल्या. पण त्यांचं आडनाव सोसायटीत कळलं आणि संध्याकाळपर्यंत फोन सुरू झाले. कुणी वाईट बोललं नाही. सगळेच काळजीच्या सुरात बोलत होते. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, फ्लॅट तुमचा, निर्णय तुमचा. पण ओळखीतलं कुणी मिळालं असतं तर बरं झालं असतं."

याच जिल्ह्यात जन्मलेली, नाशिकहून शंभरेक किलोमीटरवरची बाई परकी ठरली आणि हजार किलोमीटरवर वाढलेला मुलगा आपला ठरला. एजंटने तर त्यांना माझ्यासमोरच सुचवलं, "मॅडम, वडाळा रोडला बघितलं का तुम्ही?" म्हणजे जिथे मुस्लिम वस्ती जास्त, तिथे. त्या शांतपणे म्हणाल्या, "शाळा इथून चालत जवळ आहे."

काही वर्षांपूर्वी यांच्या कंपनीने आम्हाला जर्मनीत, स्टुटगार्टला पाठवलं होतं. तेव्हा परके आम्ही होतो. तिथे घर शोधताना आमच्याकडे मागितल्या गेल्या त्या पगाराच्या शेवटच्या तीन पावत्या, कर्ज-थकबाकीचा दाखला आणि आधीच्या घरमालकाचं "भाडं थकलेलं नाही" असं पत्र. आम्ही काय खातो, हे मालकीणबाईंनी विचारलं नाही. विचारलं ते हे, की घरात कुणी वाद्य वाजवतं का आणि रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावणार का. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करायची, त्यासाठी मालकाच्या सहीचा कागद लागतो. तिथे बेलवर फ्लॅट नंबर नसतो, आडनाव असतं. आमचं लांबलचक आडनाव त्या छोट्याशा पट्टीत बसवायला मालकीणबाईंना अक्षरं बारीक करावी लागली.

शेजारी चहा घेऊन कुणी आलं नाही. मी सवयीने पोह्यांची ताटली घेऊन समोरच्या दारी गेले, तेव्हा त्या आजी गोंधळल्या, आभार मानले आणि ताटली स्वच्छ धुऊन दुसऱ्या दिवशी परत केली, रिकामी. मग एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला एक पुठ्ठ्याची पाटी लटकलेली दिसली. त्या भागात 'केरवोख' म्हणून पद्धत आहे. जिना झाडण्यापुसण्याची पाळी आठवड्याआठवड्याने घरोघर फिरते आणि पाटी ज्याच्या दारावर तो त्या आठवड्याचा जबाबदार. आजींनी मला फरशीपुसणं हातात देऊन हीटरखालचा कोपरा कसा पुसायचा ते दाखवलं आणि दार लावून घेतलं. आमचं नातं तिथून सुरू झालं. आम्ही गावाला गेलो की आमची पार्सलं त्या घेत, कुरिअरवाला आमच्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकून जाई आणि परत आल्यावर सगळं जसंच्या तसं ताब्यात मिळे. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या माहेरचं नाव विचारलं नाही, मुलाला सर्दी झालीय का तेही नाही. "जेवलीस का?" या एका प्रश्नासाठी मी तिथे तळमळले आहे. पण त्या शहरात एकही माणूस ओळखीचा नसताना, निव्वळ कागदांच्या बळावर आम्हाला राहायला घर मिळालं, हे मी विसरू शकत नाही.

जर्मनीत सगळं न्याय्य आहे असं मात्र कुणी समजू नये. तिथे २००६ पासून कायदा आहे, वंशावरून घर नाकारायला मनाई आहे. तरी २०१७ साली तिथल्या दोन माध्यमसंस्थांनी दहा मोठ्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी हजारो अर्ज पाठवून पाहिले. मजकूर सारखा, नावं वेगळी. ज्या घरांसाठी जर्मन नावाला बोलावणं आलं, तिथे चारातल्या एका वेळी परदेशी नावाला उत्तरच आलं नव्हतं. तुर्की आणि अरबी नावांना सगळ्यात जास्त त्रास. आमच्या मालकीणबाई भल्या निघाल्या, एवढंच मी म्हणू शकते.

तर शेजाऱ्यावर जीव टाकणारे आपण आणि शेजाऱ्याच्या आयुष्यात न डोकावणारे ते, हा फरक आला कुठून? माझ्यापुरतं उत्तर मला माझ्या माहेरी सापडतं. माझं माहेर बागलाणात, नामपूरच्या बाजूला, मोसम नदीकाठी. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, त्या फडात भुसार, हे पंच मिळून ठरवणार. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून धान्यात द्यायचा. कुणी म्हणेल मी माझ्या तुकड्यात मला हवं ते लावीन, तर तसं चालायचं नाही, कारण त्याच्या पिकाचं पाणी दुसऱ्याच्या शेतातून जाणार.

माझे आजोबा आणि त्यांच्या बांधाचे शेजारी यांच्यात हातभर बांधावरून भांडण होतं. वर्षानुवर्षं बोलणं बंद. पण पाट साफ करायच्या दिवशी दोघं एकाच पाटात, एकामागे एक, गाळ उपसताना मी लहानपणी पाहिले आहेत. एकाने टोपली भरायची, दुसऱ्याने उचलायची, तोंडातून शब्द नाही. आजोबा गेले तेव्हा पहिला खांदा त्यांनी दिला. असा शेजारी आवडीने निवडलेला नसतो आणि नको म्हणून सोडताही येत नाही. त्याच्यावाचून पाणी मिळत नाही. म्हणून त्याच्या घरच्या लग्नाला, मयताला, बारशाला जाणं हे गावात चांगुलपणात मोजलं जात नसे, ते जगण्याचाच भाग होतं.

त्याच गावात परका माणूस आला की पहिला प्रश्न, "कुणाकडचे तुम्ही?" अमक्याचा जावई, तमक्याचा मेहुणा असं कळलं की लगेच बाज टाकली जायची, चूळ भरायला पाण्याचा तांब्या यायचा. कुणाचाच नसला तर उपाशी मात्र राहत नसे. भाकरी मिळायची, मारुतीच्या देवळात झोपायला जागा मिळायची. पण वस्तीला घर नाही. त्याने बंधाऱ्याला हात लावलेला नाही, पाट उपसलेला नाही, उद्या तो वाकडा वागला तर सांगायचं कुणाला?

पुढे वाचनात आलं की हा प्रश्न जगभर अभ्यासला गेला आहे. मानसशास्त्रज्ञ थॉमस तालहेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चीनमधले भात पिकवणारे आणि गहू पिकवणारे भाग तुलनेला घेतले. भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं, लावणीला हात उसने घ्यावे लागतात. तिथली माणसं मित्र आणि परका यांच्यात जास्त फरक करताना आढळली. नंतर २०१८ मध्ये ३९ देशांचा एक अभ्यास झाला. जिथे जुनी नाती सोडणं आणि नवी जोडणं सोपं असतं, तिथे लोक अनोळखी माणसावर लवकर विश्वास टाकतात. जिथे नाती जन्माने आणि जमिनीने बांधलेली असतात, तिथे कमी. जपानचे सामाजिक मानसशास्त्रज्ञ तोशिओ यामागिशी यांनी तर त्याआधीच, १९९४ मध्ये, दाखवलं होतं की अनोळखी माणसांवर अमेरिकन माणूस जपान्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. जपानसारख्या सुरक्षित देशाबद्दल हे वाचून मला आश्चर्य वाटलं होतं. यामागिशींचं म्हणणं असं की जपानमधली निर्धास्ती एकमेकांवर असलेल्या नजरेतून येते. त्या वर्तुळाबाहेरच्या माणसाशी कसं वागायचं, याचा सराव त्यांना कमी. हे वाचताना मला माझं गाव डोळ्यांसमोर दिसत होतं.

म्हणजे आपली शेजारधर्माची ऊब आणि परक्याबद्दलची धास्ती एकाच मुळातून येतात. मला हे पटलं आहे. एक कौतुकाची आणि दुसरी लाजेची, असं वेगळं काढता येत नाही.

आणि परक्याला आपलंसं करण्याची आपली रीतही ओळखीतूनच जाते. नाशिककरांना हे सांगायला नको. रामकुंडावर देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला यात्रेकरू येतो. तीर्थोपाध्याय त्याला गाव विचारतात, जात विचारतात, आडनाव विचारतात, आणि लाल कापडात बांधलेल्या वह्यांतून नेमकी वही काढतात. त्यात त्याच्या पणजोबांची नोंद असते, कधीकधी सहीसकट. मी एका कुटुंबाला ती सही पाहून रडताना पाहिलंय. पाच मिनिटांपूर्वी शहरात कुणालाही ठाऊक नसलेली ती माणसं आता अमक्या गुरुजींची यजमान होतात, त्यांच्या राहण्याजेवणाची चौकशी होते. शतकानुशतकं लाखो परक्यांना सामावून घेणारी ही व्यवस्था मला फार मोठी वाटते. फक्त ज्यांची वही नाही, त्यांच्यासाठी तिथे पान नसतं.

मदतीचं गणित त्याहून वेगळं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन यांनी २३ देशांतल्या एकेका मोठ्या शहरात रस्त्यावरचे साधे प्रयोग केले होते, २००१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कुणाचं तरी पेन पडलं, पाय दुखावलेल्या माणसाची मासिकं खाली सांडली, अंध माणसाला रस्ता ओलांडायचाय, अशा वेळी किती जण पुढे येतात? ब्राझीलचं रिओ दी जानेरो पहिलं आलं, ९३ टक्के. क्वालालंपूर शेवटचं, ४० टक्के. न्यूयॉर्क तळाशी, आणि आपलं कोलकाता पहिल्या पाचांत. वाचून मला नवल वाटलं नाही. द्वारका चौकात कुणाची गाडी घसरली तर उचलायला माणसं येतात, पाण्याची बाटली येते, रिक्षा थांबते. सिंहस्थात लोकांनी दारात अनोळखी माणसांसाठी पाण्याचे पिंप ठेवलेले मी पाहिलेत. रस्त्यावरची मदत तिथेच संपते. घर दिलं की रोजची गाठ पडते, मुलं एकत्र खेळतात, डब्याच्या वाट्या इकडून तिकडे होतात. आपल्याकडे शेजारी होणं म्हणजे निम्मं नातलग होणं. म्हणूनच भीतीही तेवढी मोठी. स्टुटगार्टच्या आजींना मी नातलग होण्याची धास्ती नव्हती, पाटी वेळेवर पुढच्या दाराला लावली की झालं.

पण कारण समजलं म्हणून वागणं योग्य ठरत नाही, यावर मी ठाम होते. शिक्षिकाबाईंना मी होकार कळवला आणि कमिटीला पत्र दिलं. आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं आणि कराराची प्रत द्यावी लागते. कुणीतरी भाडेकरूसाठी जादा आकार लावायचं सुचवलं. त्यावर शासनाचा २००१ चा आदेश दाखवला, मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तो मुद्दा लगेच मिटला. मन वळवणं वेगळं होतं. कायदाही इथे फार मदतीला येत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सदस्यत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला होता. खासगी घराच्या दारात कुणाला घ्यायचं, हे आपल्याकडे अजून बरंचसं माणसांच्या मनावर आहे.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बैठक झाली. मी आग्रहाने शिक्षिकाबाईंना आणि त्यांच्या आईंना बोलावलं होतं. पगारपत्रक, शाळेचं ओळखपत्र, आधीच्या मालकाचं पत्र, सगळं फाइलमध्ये लावून आणलं होतं. फाइल हातोहात फिरली, कुणी पान उलटलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले, विरोध त्यांचाच सगळ्यात पक्का. ते सहज म्हणाले, "मालेगावात कुठे?" बाईंनी भागाचं नाव सांगितलं. "म्हणजे कॅम्पातून पूल ओलांडून?" काकांची तीन वर्षं बदली तिथे होती. मग मोसम पूल निघाला, यंत्रमागांचा रात्रभर चालणारा खडखडाट निघाला, पहिल्या आठवड्यात त्या आवाजात झोप कशी लागत नव्हती आणि नंतर सुट्टीला नाशिकला आल्यावर त्याच्याविना कशी लागेना, ते निघालं. आईंनी विचारलं, "साहेब, तुमचं बिऱ्हाड कुठल्या गल्लीत होतं?" तासाभराने काका सेक्रेटरींना म्हणाले, "यांची जबाबदारी माझी. लिहून घ्या."

मला आनंद झाला, आणि खूप वेळ अस्वस्थही वाटत राहिलं. पगारपत्रकाने जे झालं नाही ते काकांच्या जुन्या बदलीने झालं. त्यांची बदली मालेगावऐवजी सांगलीला झाली असती तर?

पुढचं काम सरळ होतं. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी सक्तीची आहे, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी ऑनलाइन होते. महापालिका हद्दीत फी १००० रुपये, मुद्रांक शुल्क करारातल्या रकमेवर पाव टक्का. ऑपरेटर अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो. बाईंचा अंगठा काही केल्या उमटेना, मशीन दर वेळी लाल. त्यांनी ओल्या रुमालाने बोट पुसलं, मग तर्जनी लावली तेव्हा हिरवा दिवा लागला. साक्षीदार म्हणून काका आले होते, त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूची माहिती भरायला जेमतेम अर्धा तास लागला. करारात आहाराचं कलम घालायचं का, असं ऑपरेटरने सवयीने विचारलं. मी नाही म्हटलं.

त्यानंतर मी कमिटीकडे एक अर्ज दिला. भाडेकरूंसाठी सगळ्यांना एकच फॉर्म असावा: उत्पन्नाचा पुरावा, ओळखपत्र, आधीच्या मालकाचं पत्र, नोंदणीकृत करार, पोलिसांकडच्या माहितीची पावती. धर्म, जात, आहार यांचा रकाना नसावा. भाडेकरू आल्यावर विंगमधल्या एका घराने आठवडाभर त्यांना हाताशी धरायचं, पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी, लिफ्टचा नंबर सांगायचं, आणि ही पाळी घरोघर फिरायची. शेवटची कल्पना मी स्टुटगार्टहून आणली हे उघड आहे. आपल्याकडे ती पुठ्ठ्याच्या पाटीवर थांबणार नाही, चहापर्यंत जाणारच, आणि ते मला हवं आहे.

आहाराचा रकाना काढायला तळमजल्यावरच्या काकूंचा विरोध आहे. त्यांचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलंय. त्यांना वासाचा खरोखर त्रास होतो आणि घरात देवघर जिन्याच्या बाजूला आहे. त्यावर एक्झॉस्टची डक्ट वर नेण्याचा खर्च किती येईल, ते प्लंबरकडून काढून मी त्यांना दिलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, ठराव त्याच सभेत येईल. तोवर मी घरोघर जाऊन बोलते आहे. आमची विंग झाली. पलीकडच्या विंगची काही घरं राहिलीत, तिथे काकाही बरोबर यायचं म्हणतात.